खून कुणाचा करायचा?

ब्रिटनमध्ये आपल्या अकरावी-बारावीच्या वयाच्या मुलांना 'मीडिया स्टडीज' नावाचा विषय घेता येतो. आपल्याकडच्या पालकांना तो ऐकून जी शंका येईल तीच तिथल्या पालकांनाही येते: यात अभ्यास नक्की कशाचा करायचा? ओसीआर या परीक्षा मंडळानं 2008 पासून पुढं सुमारे दहा वर्षं या शंकेला एक झकास उत्तर देऊन ठेवलं होतं. पहिल्या वर्षाच्या प्रकल्पाच्या एका पर्यायात मुलांनी एका नव्या, म्हणजे पुढं कधीच न बनणाऱ्या, कथापटाची टायटल्स आणि सुरुवात तयार करायची. लांबी जास्तीत जास्त दोन मिनिटं. गटात जास्तीत जास्त चार जण. चित्रण सगळं स्वतःचं. संगीत आणि आवाज कॉपीराइटमुक्त असतील तर बाहेरून आणलेले चालतील. शंभरपैकी साठ गुण या दोन मिनिटांना, वीस तयारीला आणि वीस नंतर स्वतःच्या कामाचं परीक्षण स्वतःच करण्याला. चित्रपट कोणत्या जातीचा असावा याबद्दल मंडळाचा आग्रह नव्हता, तरी गटांमागून गट थरारपटाकडंच वळत, आणि काही शाळांत तर शिक्षकच तो ठरवून देत. यामागं कलेपेक्षा व्यवहार जास्त आहे. विनोदी चित्रपटाला कुणीतरी हसावं लागतं आणि ते काम परीक्षकाकडं असतं. प्रेमकथेसाठी एकाच वर्गातल्या दोघांना कॅमेऱ्यासमोर एकमेकांकडं प्रेमानं बघावं लागतं, आणि सोळाव्या वर्षी त्यापेक्षा खून परवडतो. म्हणून गटाच्या पहिल्या बैठकीत कथेची चर्चा थेट मुद्द्यावरच येते: मारायचं कुणाला?

याचं उत्तर कथेतून निघत नाही, हजेरीपटातून निघतं. ज्याचा कॅमेरा तो दिग्दर्शक. जी नाटकाच्या तासाला जाते ती नायिका. ज्याच्याकडं टोपीवाली हुडी आहे तो खुनी. ती सगळ्यांकडंच असते, तेव्हा जो उंच तो खुनी. उरला तो प्रेत. प्रेताचं काम सर्वांत सोपं समजलं जातं, त्यामुळे ते हमखास अशाच्या वाट्याला येतं ज्याला हसू आवरत नाही. पात्रयोजना अशी झाली की कथा आपोआप बनते. नायिका जंगलातून पळते. का पळते हे तिला ठाऊक नसतं, दिग्दर्शकालाही नसतं. पळणं दोन मिनिटांत मावतं एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक असतं. मध्येच ती मागं वळून बघते, त्यामुळे मुळाला पाय अडकून पडते. हुडीवाला येतो, सुरी चमकते, पडदा काळा होतो आणि एका शब्दाचं इंग्रजी शीर्षक थरथरत येतं: 'हंटेड', 'स्टॉक्ड' किंवा नुसतंच 'रन'. थोड्या विचारी गटांत नायिका इथं घामाघूम होऊन बिछान्यात जागी होते, गजराचं घड्याळ वाजत असतं आणि झालं ते स्वप्न होतं हे कळतं. म्हणजे दोन मिनिटांपैकी पावणेदोन मिनिटं काही घडलंच नाही, हे सांगायला उरलेली पंधरा सेकंदं खर्च होतात. आणखी विचारी गट गॅरेजात एकाला खुर्चीला बांधतात. सगळ्यांत विचारी गट भिंतीवर फोटो चिकटवून त्यांच्यामध्ये लाल दोरा ताणतो. तपास चालू आहे हे प्रेक्षकाला पटतं, कशाचा ते गटालाही नंतर ठरवायचं असतं.

जंगलच का, हे जरा बघण्यासारखं आहे. ते फुकट असतं, तिथं कुणाची आई मध्येच चहा विचारायला येत नाही, आणि 1999 सालच्या 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'नं सिद्ध केलं की हलत्या कॅमेऱ्यानं झाडं दाखवली तरी जग घाबरतं. त्या चित्रपटात जंगलात जाऊन बेपत्ता होणारे तिघं जण चित्रपटाचे विद्यार्थीच असतात. विद्यार्थ्यांनी चित्रपट करायला जंगलात जाऊ नये, हा त्याचा एकमेव व्यवहारी उपदेश असताना विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्याच्यापासून प्रेरणा घेऊन जंगलात शिरल्या. त्यात इंग्लंडचा हिवाळा. डिसेंबरात लंडनमध्ये चार वाजायच्या आत सूर्य मावळतो, म्हणजे शाळा सुटून चौघं जण झाडांपर्यंत पोचतात तोवर उजेड संपलेला असतो. मग दोन मिनिटांतलं सव्वा मिनिट पडदा काळा आणि त्यावर धापा. मुलं याला वातावरणनिर्मिती म्हणतात. हुडीची गोष्ट याहून गमतीची आहे. 2005 मध्ये केंटमधल्या ब्लूवॉटर या प्रचंड मोठ्या शॉपिंग सेंटरनं टोपी डोक्यावर ओढलेल्या पोरांना बंदी केली, तेव्हा ब्रिटनभर वाद झाला: पोरांनी टोपी ओढली की ती गुन्हेगार होतात का? पोरांचं म्हणणं अर्थातच, नाही. पण त्याच पोरांच्या हाती कॅमेरा दिला की टोपी ओढलेला पोरगा गुन्हेगारच निघतो. वर मूल्यमापनात मंडळाचा एक ठरलेला प्रश्न असायचा की तुमच्या कलाकृतीत समाजातल्या एखाद्या गटाचं चित्रण कसं झालं आहे. याला प्रामाणिक उत्तर एकच संभवतं: आमच्या वयाच्या मुलांविषयी वर्तमानपत्रं जे बोलतात ते आम्ही स्वखर्चानं सिद्ध केलं आहे. सुरीऐवजी पिस्तूल घेण्याचा मोह झालाच तर ब्रिटिश कायदा आडवा येतो. सार्वजनिक जागी सबळ कारणाशिवाय नकली पिस्तूल बाळगणं हाही तिथं गुन्हा आहे, त्यामुळे चित्रीकरणाआधी पोलिसांना कळवून ठेवावं लागतं. थरारपटातले पोलीस शेवटी येतात. इथं ते आधी येतात.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की मुलांकडं कल्पनाशक्ती कमी आहे. मला तसं वाटत नाही. चूक त्यांच्या पहिल्या प्रश्नात आहे. मारायचं कुणाला, इथून सुरुवात केली की उरलेल्या सगळ्या वाटा जंगलाकडंच जातात. थरारपटाची सुरुवात कशी निवडावी हे शोधायचं तर नावाजलेले थरारपट सुरुवातीला काय दाखवतात ते बघावं, आणि ते बघितलं तर भलतंच दृश्य दिसतं. लोक कामं करताना दिसतात. कंटाळवाणी, रोजची, घरगुती आणि कचेरीतली कामं. हिचकॉकचा 'सायको' (1960) म्हटलं की सगळ्यांना न्हाणीघर आठवतं, पण ते यायला सुमारे पाऊण तास लागतो. सुरुवातीला पडद्यावर अक्षरं येतात: फिनिक्स, अॅरिझोना; शुक्रवार, 11 डिसेंबर; दुपारचे 2 वाजून 43 मिनिटं. एखाद्या तलाठ्याच्या पंचनाम्याइतकी ही नोंद काटेकोर आहे. मग एका हॉटेलच्या खोलीत जेवणाच्या सुट्टीत भेटलेलं एक जोडपं पैशांची चर्चा करतं. त्याच्यावर बापाचं कर्ज आहे, घटस्फोटित बायकोला पोटगी द्यायची आहे, म्हणून लग्न परवडत नाही. आणि तिला कामावर परत जायला उशीर होतो आहे. जगातल्या सर्वांत गाजलेल्या थरारपटाची सुरुवात जेवणाची सुट्टी संपत आल्याच्या धास्तीतून होते, हे वाक्य प्रत्येक गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर असायला हरकत नाही.

फ्रिट्झ लांगचा 'एम' (1931) याहून कडक पुरावा आहे. एका चाळीवजा इमारतीत एक आई कपडे धुते आहे. घड्याळात बारा वाजतात, शाळा सुटली असणार, म्हणून ती मुलीचं ताट मांडायला घेते. तिकडं रस्त्यात मुलगी चेंडू टप्पे पाडत येते आणि एका खांबावर चेंडू आपटते. त्या खांबावर लहान मुलांच्या खुन्याला पकडून देणाऱ्याला दहा हजार मार्कांचं बक्षीस लावलेलं पत्रक आहे. पत्रकावर एका माणसाची सावली पडते. तो तिच्याशी गोड बोलतो, फुगा घेऊन देतो. इकडं आई जिन्यात डोकावते: जिना रिकामा. ताट रिकामं. मग झुडपातून चेंडू घरंगळत येतो आणि फुगा तारांत अडकून फडफडतो. संपलं. रक्ताचा थेंब नाही, सुरी नाही, किंकाळी नाही, कुणी पळतही नाही. सामानाची यादी करायची तर चेंडू, फुगा, ताट आणि एक छापील कागद. एवढ्या सामानावर लांगनं प्रेक्षकाच्या पोटात जो गोळा आणला त्याला नव्वद वर्षं उलटून गेली, गोळा उतरलेला नाही. आणि विद्यार्थ्यांचा लाडका 'सेव्हन' (1995)? त्याची टायटल्स काइल कूपरनं केली आणि ती इतकी गाजली की खरवडल्यासारखी अक्षरं आणि थरथरती चित्रं ही विद्यार्थीपटांची सरकारी भाषा होऊन बसली. (ब्रिटनमध्ये त्या चित्रपटाला 18 वर्षांचं प्रमाणपत्र आहे आणि नक्कल करणाऱ्यांचं वय सोळा-सतरा. अभ्यासासाठी काय काय करावं लागतं.) पण त्या टायटल्सच्या आधी काय दिसतं हे फारसं कुणी लक्षात ठेवत नाही. एक प्रौढ पोलीस अधिकारी सकाळी आवरतो. टाय बांधतो, ओळीनं मांडून ठेवलेल्या वस्तू एकेक करून उचलतो, कोटावरचा धागा वेचून काढतो. रात्री झोप यावी म्हणून उशाशी लंबकाचं टिकटिक यंत्र चालू करतो. आणि खुद्द टायटल्समध्ये तरी काय आहे? एक माणूस वह्या शिवतो, कात्रणं कापतो, चिकटवतो, मजकूर लिहितो. त्याचा चेहराही दिसत नाही. बोटांच्या टोकांवरची कातडी ब्लेडनं खरवडून तो हे करतो, म्हणून आपल्याला ते भयंकर वाटतं. एरवी हे एका व्यवस्थित कारकुनाचं काम आहे.

तेव्हा माझं म्हणणं इतकंच की दोन मिनिटांच्या थरारपटासाठी कथा निवडताना आधी माणसाला काम द्यावं, आणि मग त्या कामात एक गोष्ट चुकीची असावी. ती गोष्ट त्या माणसाला ठाऊक नसली आणि आपल्याला ठाऊक असली तर उत्तम. हिचकॉकनं 1962 मध्ये फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत हे टेबलाखालच्या बॉम्बच्या उदाहरणानं समजावलं होतं. दोन माणसं गप्पा मारत आहेत आणि अचानक बॉम्ब फुटला, तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. बॉम्ब ठेवलेला प्रेक्षकानं आधी पाहिला असेल, तर त्याच निरर्थक गप्पा पंधरा मिनिटं जीव टांगणीला लावतात. हिशेब साधा आहे. जंगलात नायिका पळते तेव्हा तिच्यापाशी भीती आहे आणि आपल्यापाशी माहिती नाही. आपण फक्त तिचा व्यायाम बघतो. ऑर्सन वेल्सनं 'टच ऑफ ईव्हिल'मध्ये (1958) हाच बॉम्ब एका गाडीच्या डिकीत ठेवला आणि ती गाडी सीमेवरच्या गावात गर्दीतून, बकऱ्यांतून, तपासणी नाक्यावरून एकाच अखंड शॉटमध्ये फिरवली. तो शॉट तीन मिनिटांहून मोठा आहे, म्हणजे ओसीआरकडं वेल्सचे लांबीपायी गुण कापले गेले असते. पण त्या शॉटमध्ये लोक करतात काय तर हिंडतात, थांबतात, गप्पा मारतात. दोन मिनिटं म्हणजे 120 सेकंद, त्यात टायटल्स वाचायची सवड, चार नावं चार वेगवेगळ्या हुद्द्यांवर आणि निर्मितीसंस्थेचं विजा कडाडणारं बोधचिन्ह. उरलेल्या वेळात एक काम आणि एक खोट मावते. तरी गट तयारीची पानंच्या पानं नव्वद मिनिटांच्या कथेवर खर्च करतात: खुनी म्हणजे नायिकेचा जुळा भाऊ, इन्स्पेक्टर म्हणजे तिचा खरा बाप, सगळं घडतं ते तिच्या मनात. यातलं एक अक्षरही चित्रित होणार नसतं. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, त्यांनाही इतक्या वळणांना एक अख्खं पुस्तक लागायचं.

आता यावर आक्षेप येणार, आणि यायलाच हवेत. पहिला: सुरुवातीला दणका हवा, नाहीतर प्रेक्षक उठून जाईल, 'स्क्रीम'ची (1996) सुरुवात बघा, फोन, धमकी, खून, सगळं तिथंच. जरूर बघावी. त्या मुलीला फोन येतो तेव्हा ती स्वयंपाकघरात मक्याच्या लाह्या भाजते आहे. ती बोलत राहते, हिंडत राहते, दिवे लावते, आणि शेगडीवर लाह्यांचा फॉइलचा फुगा वाढत राहतो. खून होतो, पण दहा मिनिटांहून जास्त वेळ आपल्याला त्या घरातल्या सगळ्या दारांची ओळख करून दिल्यावर. विद्यार्थी त्यातला शेवटचा तुकडा उचलतात आणि लाह्या सोडतात. शिवाय परीक्षक उठून जात नाही, हे लक्षात ठेवावं. त्याला बघण्याचे पैसे मिळतात. पाठोपाठ चाळीस जंगलं बघितल्यावर त्याच्यापुढं कुणी शांतपणे इस्त्री करताना दिसलं तर तो खुर्चीत सावरून बसण्याची शक्यता जास्त.

दुसरा आक्षेप याच परीक्षकाच्या नावानं घेतला जातो: त्याला थरारपटाची ठरलेली लक्षणं दिसली पाहिजेत, नाहीतर गुण कुठून देणार? हा आक्षेप घेणाऱ्यांनी मंडळाचा पहिलाच प्रश्न नीट वाचलेला नसतो. त्यात विचारलेलं असायचं की प्रचलित संकेत तुम्ही कसे वापरलेत, पुढं नेलेत किंवा त्यांना आव्हान दिलंत. तीन वाटा मंडळानंच मोकळ्या ठेवल्या होत्या. बहुतेक गट पहिलीवरच गर्दी करत. आणि संकेत म्हणजे पोशाख अशी समजूत करून घेतली की हुडी, सुरी आणि धुकं जमवून संकेतांचा कोटा पूर्ण होतो. थरारपटाचा खरा संकेत माहितीच्या वाटपाचा आहे: कुणाला काय, कधी आणि किती कळतं. हिचकॉकच्या 'रिअर विंडो'त (1954) सुरुवातीला कॅमेरा एका खोलीत संथ फिरतो. पायाला प्लास्टर घातलेला माणूस झोपला आहे, शेजारी मोडका कॅमेरा, भिंतीवर मोटारींच्या शर्यतीतल्या अपघाताचा फोटो. एक शब्द न बोलता त्याचा धंदा, त्याचा अपघात आणि त्याचा स्वभाव कळला. हे करायला लागतं ते बँडेज, भंगारातला कॅमेरा आणि एक छापून घेतलेला फोटो. मुलांना हे जमत नाही असं मुळीच नाही. ते त्यांना साधं वाटतं, हीच अडचण आहे.

तिसरा आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे. तो असा: साधं काम पडद्यावर वेधक वाटायला अभिनय लागतो, आणि मुलांना अभिनय येत नाही. मुखवटा, अंधार आणि पळणं यांचा उपयोगच मुळी वाईट अभिनय झाकायला असतो. हे मान्य करावंच लागेल. सोळा वर्षांच्या मुलानं "मला माझ्या वडिलांच्या मृत्यूचा बदला घ्यायचा आहे" असं म्हटलं की समोरचा वर्ग हसतो, आणि वर्गाचं चुकत नाही. पण यावर उपाय चेहरा झाकणं नसून कॅमेरा खाली आणणं आहे. हात कधी वाईट अभिनय करत नाहीत. रोबेर ब्रेसाँनं 'पिकपॉकेट'मध्ये (1959) जाणूनबुजून अभिनेते नसलेली माणसं घेतली, चेहऱ्यावर काही दाखवू नका म्हणून सांगितलं आणि कॅमेरा लावला तो बोटांवर, पाकिटांवर, कोटांच्या खिशांवर. हेच मुलांना घरातही करता येतं. आठवड्याच्या गोळ्यांची ती सात कप्प्यांची डबी असते, सोमवार ते रविवार. एक मुलगी आजीच्या गोळ्या भरते आहे. सोमवारी तीन, मंगळवारी तीन, बुधवारी दोन. तिसरी गोळी ती हातात धरून क्षणभर थांबते, मग रुमालात गुंडाळते. गुरुवारी पुन्हा दोन. यात अभिनय शून्य आहे आणि प्रेक्षक मोजायला लागलेला असतो. मोजणारा प्रेक्षक म्हणजे अडकलेला प्रेक्षक. शिवाय प्रेताला हसू येण्याचा प्रश्नच मिटला, कारण प्रेत अजून पुढच्या खोलीत टीव्ही बघतं आहे.

यातली सगळ्यात मोठी गंमत मंडळानंच करून ठेवली होती. मुख्य चित्रपटाआधी प्रत्येक गटाला एक छोटा सराव करावा लागायचा: एक पात्र दार उघडतं, खोली ओलांडतं, समोरच्या पात्रापुढं खुर्चीत बसतं आणि दोघांत एक-दोन वाक्यं होतात. हालचाल एका शॉटमधून दुसऱ्यात अखंड जुळवता येते का, बोलणाऱ्यांचे शॉट आलटून पालटून लावता येतात का आणि कॅमेरा त्या दोघांना जोडणारी एकशेऐंशी अंशांची कल्पित रेषा ओलांडत नाही ना, हे तपासण्यासाठी तो होता. मुलं तो उरकून टाकत. दार उघडलं, बसला, "हाय", "हाय", संपलं. आता खरा चित्रपट, चला जंगलात. पण दार, खोली, खुर्ची आणि समोर बसलेलं माणूस, एवढ्यावर थरारपटांची अर्धी परंपरा उभी आहे. शाळेतून आलेला मुलगा किल्लीनं दार उघडतो, आईला हाक मारतो, किटली लावतो, दोन कप भरतो. बैठकीच्या खोलीत जाऊन खुर्चीत बसतो. समोर आई नाही, कोट घातलेला एक अनोळखी माणूस आहे. मुलगा त्याच्यापुढं कप सरकवतो आणि म्हणतो, "साखर दोन चमचे, नेहमीसारखी." गटानं आधीच चित्रित केलेल्या सरावात एक कप आणि एक वाक्य घातलं की झालं. त्यासाठी कुणाला चिखलात पडावं लागत नाही.

हाताशी आहे त्यातून कथा काढणं ही गरिबाची तडजोड आहे, असंही कुणी म्हणेल. क्रिस्टोफर नोलननं लंडनमध्ये 'फॉलोइंग' (1998) केला तेव्हा त्याच्या मंडळींना पोटापाण्याच्या नोकऱ्या होत्या, म्हणून चित्रीकरण शनिवारी, जवळपास वर्षभर. फिल्म महाग, म्हणून तालमी भरपूर आणि टेक एक किंवा दोन. त्यानं कथा कोणती निवडली? रस्त्यात अनोळखी लोकांच्या मागं मागं जाणाऱ्या एका रिकामटेकड्या तरुणाची. लंडनच्या रस्त्यावर अनोळखी लोक मुबलक असतात आणि त्यांना मानधन लागत नाही. कथेचा विषय आणि निर्मितीचा खर्च एकाच प्रश्नातून सुटले. आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर श्रीराम राघवन यांचा 'अंधाधुन' (2018), जो पुण्यात घडतो आणि ज्याचं बीज एका फ्रेंच लघुपटात आहे. आंधळा नसलेला माणूस आंधळ्याचं सोंग घेऊन पियानो वाजवायला जातो आणि त्याला नको ते दिसतं. कल्पना एका वाक्यात मावते, आणि ऐकणारा "मग?" विचारल्याशिवाय राहत नाही. सुरुवात तर त्याहून साधी: कोबीचं शेत, एक ससा, आणि त्याच्या मागं बंदूकवाला. आपल्याकडची मास मीडिया शिकणारी मुलं लघुपट करतात तेव्हा ती इंग्लंडातलं जंगल नसल्यामुळे लोणावळ्याचं जंगल शोधतात, असा मला दाट संशय आहे. कोबीचं शेत वाटेत लागतं, गाडी थांबत नाही.

"मग?" ही कसोटी बैठकीतच लावून बघता येते. कल्पना एका वाक्यात सांगायची आणि थांबायचं. "एक मुलगी जंगलात पळते आहे" यावर ऐकणारा "बरं" म्हणतो. "एक मुलगी रस्त्यातल्या खांबांवर आपली मांजर हरवल्याची पत्रकं चिकटवत चालली आहे, आणि तिच्या मागं वीस पावलांवर एक बाई प्रत्येक पत्रक अलगद काढून, नीट घडी घालून पिशवीत ठेवते आहे" यावर तो "मग?" म्हणेल. हा चित्रपट दोन मिनिटांत होतो. रस्ता शाळेसमोरचा, उजेड जो असेल तो. संवाद नाही, धावपळ नाही, अभिनय जवळपास नाही. टायटल्सचा प्रश्न तर पत्रकावरच सुटतो: खाली फोन नंबराच्या ज्या फाडून न्यायच्या पट्ट्या असतात, त्यांवर एकेक नाव लिहायचं. गटातला एक जण इथं हमखास म्हणणार की मांजरीऐवजी लहान मुलगी हरवू द्या, जास्त गंभीर वाटेल. मांजरच ठेवावी. मुलगी हरवली तर पोलीस आले, तपास आला, लाल दोरा आला, आणि पत्रक का काढलं जातं याचा अंदाजही लगेच आला. मांजरीचं पत्रक इतक्या काळजीनं कोण काढतं, याचा अंदाज कुणालाच येत नाही. दुसरा म्हणणार, पण यात खून कुठं आहे? त्याला सांगावं की तो तिसऱ्या मिनिटाला आहे, आणि मंडळानं आपल्याला दोनच दिली आहेत.

राहता राहिला कागदोपत्री भाग. ब्रिटनमधल्या शाळांत चित्रीकरणाला निघण्याआधी धोक्यांचा तक्ता भरून द्यावा लागतो: धोका काय, कुणाला, आणि तो टाळायला काय केलं. जंगलवाल्या गटाचा तक्ता दोन पानी होतो. झाडांची मुळं, चिखल, अंधार, थंडी, सुरीची धार, नकली पिस्तुलाबद्दल पोलिसांना केलेला फोन, मोकाट कुत्री, आणि पडण्याचं दृश्य सहा वेळा करणार असल्यामुळे नायिकेचा गुडघा. पत्रकवाल्या गटानं तिसऱ्या रकान्यात लिहावं: चिकटपट्टी दातांनी तोडणार नाही, कात्री सोबत नेऊ. आणि कात्रीसाठी वेगळी परवानगी लागते का, ते शाळेच्या ऑफिसात विचारून घ्यावं.